आवाज आला की बोट वर

बहिऱ्या माणसाला चारचौघांत खाजगी गोष्ट कशी विचारायची, याचं उत्तर कुणाकडे असेल तर मला जरूर कळवा. भोरला कान तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, केस पांढरे झाले, पण ते कोडं काही मला नीट सुटलं नाही. एकदा सुटलं असं वाटलं होतं. त्याचीच ही हकीकत.

माझं काम काय, हे माझ्या माहेरी अजूनही कुणाला धड सांगता येत नाही. ‘नसीम कानातला मळ काढते’ असं माझी आत्या मरेपर्यंत सांगत राहिली. मळ मी काढत नाही बाबांनो! ते काम डॉक्टरसाहेबांचं. ते पुण्याहून बाजाराच्या दिवशी यायचे, कान-नाक-घसा बघायचे आणि ज्याला कमी ऐकू येतं त्याला माझ्याकडे पाठवायचे. मी त्याला आतल्या खोलीत बसवायची, डोक्याला हेडफोन लावायची आणि काचेच्या अलीकडे माझ्या यंत्रापाशी बसायची. यंत्रातून पीं-पीं असे आवाज सोडायचे. कधी जाडे, कधी बारीक, आधी मोठे, मग हळू हळू कमी करत न्यायचे. पेशंटला एकच सांगायचं, आवाज आला की बोट वर. कुठल्या आवाजाला बोट वर गेलं आणि कुठल्याला नाही, त्याचा मी आलेख काढायची आणि डॉक्टरांपुढे ठेवायची. एवढंच काम. पण एवढ्या कामाला शांतता लागते, आणि आमच्या दोन खोल्या होत्या एसटी स्टँडच्या मागे. समोर रसवंतीची घुंगरं, टेम्पोवाल्यांचे हॉर्न, आणि ‘स्वारगेट, स्वारगेट’ अशी आरोळी.

यावर उपाय काढला तो गोधड्यांचा. शहरात अशा खोल्यांना भिंतीवर महागडं काहीतरी लावतात. मी सासूबाईंच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून आतल्या खोलीच्या चारी भिंतींना ठोकल्या. पुढे पेशंटांच्या बायकाच जुनी लुगडी आणून द्यायला लागल्या. छतालासुद्धा गोधडी लागली. आत बसलं की खरोखर सगळं गप्प व्हायचं. डॉक्टरसाहेब पहिल्यांदा हसले, मग स्वतः आत जाऊन बसले आणि म्हणाले, “नसीमबाई, इथं झोप छान लागेल.” मला त्या खोलीचा फार अभिमान होता. माझ्या बसायच्या भागाला मात्र साधं प्लायवूडचं दार होतं आणि दाराबाहेर व्हरांडा. तिथे गर्दी बसायची.

लोक एकेक भेटले! वेल्ह्याच्या बाजूच्या एक आजी प्रत्येक आवाजाला बोट वर करायच्या. मी आवाज सोडलाच नाही तरी बोट वर. मला वाटलं, यंत्रच बिघडलं. शेवटी त्या म्हणाल्या, “तू पोर एवढी जीव तोडून करतीयास, तुला न्हाई कसं म्हनायचं?” राजगडाखालच्या पाली गावचे एक आजोबा कानाचं मशीन घेऊन गेले आणि आठ दिवसांत परत घेऊन आले. म्हणाले, “हे ठेवून घ्या. आमच्या घरात उंदीर न्हवतं. ह्ये लावल्यापास्नं आढ्यावर रातभर नाचत्यात.” मी सांगितलं, उंदीर आधीपासूनच होते. त्यांनी डोकं हलवलं. “मंग ज्येवढं दिस म्हाईत न्हवतं तेवढं दिस चांगलं हुतं की.” मी मशीन ठेवून घेतलं.

एक सांगते, बहिऱ्यांबरोबर राहून राहून माझाच आवाज मोठा झाला. माझा नवरा घरात म्हणायचा, “अगं, मी ऐकू येणारा माणूस आहे.” मोहल्ल्यात मी मुलांना जेवायला हाक मारली की शेजारची मुलंही घरी पळायची. ही खोड पुढे नडली, म्हणून सांगून ठेवते.

तर आता अण्णा मिस्त्री.

मोबाईल नुकते ज्याच्या त्याच्या खिशात दिसायला लागले होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. अण्णा किकवीचे आणि त्यांचं गॅरेज कापूरहोळच्या फाट्यावर. हायवेवरचे ट्रकवाले वाट वाकडी करून त्यांच्याकडे यायचे, कारण अण्णा इंजिन उघडायच्या आधी ऐकायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, “तिसऱ्या नंबरचं बेअरिंग.” उघडल्यावर तिसऱ्याच नंबरचं निघायचं. डावा कान हायवेच्या आवाजानं कधीचाच अधू झाला होता, तो मीच पूर्वी तपासला होता. सगळी मदार उजव्यावर. तेव्हाच मी त्यांना म्हटलं होतं, उजव्याला जपा. ते म्हणाले, “त्योच तर माझा मालक हाय.”

त्या बाजाराच्या दिवशी अण्णांना त्यांची बायको हाताला धरून घेऊन आली. इंदुताई. ठसठशीत कुंकू, बोलणं फटकळ, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला. “चार दिस झालं वो बाई. रातच्याला बरं हुतं, सकाळी उठलं तं ह्यास्नी कायबी ऐकू यीना. म्या म्हनलं, मळ असंल. लसनाचं त्याल घातलं, गरम मिठानं शेकलं. कायबी फरक न्हाई.”

अण्णा स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे भलत्याच मोठ्यानं बोलत होते. “इंजान चालू हाय का बंद, त्ये हात लावून बगावं लागतंय! काल पंख्यात बोटं जाता जाता ऱ्हायली!” एवढा दांडगा माणूस, पण डोळे भरलेले. गॅरेजवर दोन ट्रक तसेच उभे करून ते आले होते.

डॉक्टरांनी कान पाहिला. मळाचा मागमूस नव्हता, पडदा स्वच्छ. आता इथे थोडं समजावून सांगते. एका रात्रीत कान गेला तर बहुतेक वेळा बिघाड पडद्याच्याही आत असतो, जिथे आवाजाची नस सुरू होते तिथे. याला मळाचं नाही, तातडीचं औषध लागतं, आणि जितके दिवस जातील तितकी आशा कमी. आमच्याकडचे लोक नेमके हेच दिवस लसणाच्या तेलात घालवतात. दुसरं म्हणजे, माणसानं त्या आधी काय घेतलं हे कळावं लागतं. काही औषधं कानाला बाधतात.

त्यातलं एक औषध तेव्हा आमच्या भागात नवं नवं आलं होतं. पुरुषांचं. लोक ‘पावरची गोळी’ म्हणायचे. ज्यांना खरी गरज आहे त्यांना डॉक्टर ती विचारपूर्वक देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि मला त्या गोळीची बदनामीही करायची नाही. पण फाट्यावरच्या धाब्यांवर ती चिठ्ठीशिवाय, बडीशेपेसारखी हातोहात फिरायची. त्या गोळीनं क्वचित कुणाचं ऐकणं अचानक जाऊ शकतं, अशी सूचना त्याच सुमारास निघाली होती, आणि डॉक्टरसाहेब तेव्हापासून अशा प्रत्येक पुरुष पेशंटला विचारायचे. म्हणजे विचारायचा प्रयत्न करायचे.

कारण बघा ना, पेशंट बहिरा! डॉक्टर ओरडले, “कुठली गोळी घेतली होती का?” साऱ्या व्हरांड्यानं मान वळवली. अण्णा ओरडले, “आँ?” मग डॉक्टरांनी कागदावर तेच लिहून दिलं. अण्णांना वाचता यायचं, पण मनात वाचायची सवय नव्हती. गॅरेजात पेपरसुद्धा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायचे. त्यांनी कागद लांब धरला आणि सुरू केलं, “कु-ठ-ली गो-ळी... घेतली का! न्हाई! डोस्कं दुकल्यावर घेतो तेवढीच!” व्हरांड्यात पार शेवटच्या बाकापर्यंत गेलं. आणि पहिल्याच बाकावर, दाराला खेटून, कोण बसलं होतं? अण्णांची विहीण! थोरल्या मुलीची सासू, स्वतःचा कान दुखतो म्हणून आलेली. तिच्यापुढे हा माणूस काय कबूल करणार, कपाळ?

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “बाई, मला शंका येतेय. घेतली असेल आणि हा पुन्हा घेईल, तर उरलंसुरलंही जाईल. काहीतरी करा.” मी म्हटलं, त्यांना न्या गोधड्यांच्या खोलीत.

अण्णांना आत बसवलं. दार लावलं. हेडफोन चढवला. इंदुताई माझ्या दाराच्या छोट्या काचेला नाक लावून बाहेर उभ्या. माझ्या यंत्राला माइक होता, त्यातून बोललेलं थेट हेडफोनमध्ये जायचं. अधू का होईना, पण डाव्या कानात आवाज वाढवून सोडला तर शब्द कळण्यासारखे होते. आधी नेहमीची तपासणी केली. उजव्या कानाचा आलेख पार तळाला गेला होता. मोठ्यातल्या मोठ्या आवाजाला कुठे बोट जरासं हलत होतं.

मग मी माइक जवळ ओढला. “अण्णा, मी बोलतेय ते कळतंय? कळत असेल तर बोट वर. तोंडानं काही बोलायचं नाही.”

बोट वर. बाहेरून इंदुताईंचा आनंदी आवाज, “आलं! ऐकू आलं!”

“अण्णा, पावरची गोळी घेतली होती का?”

बोट मांडीवरच. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग छताकडे.

“कुणाला कळत नाही अण्णा. चारी बाजूंनी गोधड्या आहेत. मी बाई माणूस म्हणून लाजू नका, मी तुमच्या बहिणीसारखी. खरं कळलं नाही तर कान जाईल. कान गेला तर गॅरेज काय डोळ्यांनी चालवणार?”

आणि नेमकं तेव्हाच व्हरांड्यात भांडण पेटलं.

इंदुताईंनी विहिणीला धरलं होतं! “तर काय वो विहीनबाई! लग्नात मला पोटझाकनीची साडी दिलीसा ती कसली म्हनायची? चाळन हुती का साडी?” पोटझाकणीची साडी म्हणजे लग्नात वराकडून मुलीच्या आईला मानानं देतात ती. विहीण काय ऐकून घेते! “आमी मानानंच दिलं! तुमी आमच्या पावन्यास्नी ज्येवायला पत्रावळी कमी पाडल्या, त्ये बोला की!” झालं! सगळा व्हरांडा दोन्ही बाजूंनी वाटून गेला. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील, पण मानपानाला काळवेळ नसते.

मी ताडकन उठले, दार उघडलं. “ओ इंदुताई! नवऱ्याचा कान तपासतेय मी इथं! बाजार भरलाय का? लाज कशी वाटत नाही?”

इंदुताईंनी माझ्याकडे पाहिलं. “व्हय, व्हय, गप बसते,” म्हणाल्या आणि मी दार लावताच दुप्पट आवाजात पुन्हा सुरू! मी मनात म्हटलं, धन्य ती बाई. इकडे नवऱ्याचा कान चाललाय आणि हिला साडीचं पडलंय.

पुन्हा माइकपाशी आले. बाहेरच्या गोंगाटात मलाच माझं ऐकू येईना, म्हणून आणखी मोठ्यानं विचारलं. “अण्णा, शेवटचं विचारते. घेतली होती का?”

अण्णांचं बोट हळू हळू वर आलं. पुरतं नाही, अर्धंच.

“एक?” बोट गप्प. “दोन?” वर. “एकदम?” वर. “अजून आहेत शिल्लक?” वर. “छातीच्या दुखण्याची, हार्टची गोळी चालू आहे?” गप्प. “आता पुन्हा हात लावणार नाही ना?” या वेळी एक नाही, दोन्ही हातांची बोटं झटकन वर गेली. मला हसू आलं आणि त्यांनाही. चार दिवसांत पहिल्यांदा हसले असतील.

डॉक्टरांच्या कानात सांगितलं. तासाभरात औषध सुरू झालं. पुढे अण्णांनीच हळूच सांगितलं की ट्रकवाल्या एका गिऱ्हाइकानं खूश होऊन पाकीट दिलं होतं, एकीनं बरं तर दोहोंनी जास्त बरं असं गणित यांनीच केलं. गोळीनंच कान गेला का? डॉक्टर म्हणाले, ते छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, कधी कधी कारण सापडतही नाही. पण शिल्लक पाकीट नदीत गेलं, एवढं खरं.

त्यानंतर दर बाजाराला अण्णा यायचे. पहिल्या वेळी आलेख जागचा हलला नव्हता. मी रात्री दुआ मागितली, खोटं कशाला सांगू. पुढच्या बाजाराला जाड्या आवाजांना बोट वर यायला लागलं. त्याच्या पुढच्याला मधल्या आवाजांना. बारीक आवाज पूर्ण काही परतले नाहीत, मोबाईलची रिंग त्यांना शेवटपर्यंत दुसऱ्यानं सांगावी लागली. पण एका सकाळी मी माझी लूना दवाखान्यासमोर लावत होते, तर पायरीवर बसलेले अण्णा म्हणाले, “बाई, चेन सैल झालीया तुमची. एवढी वाजतीया, तुमास्नी ऐकू येत न्हाई व्हय?”

माझ्या अख्ख्या नोकरीत मला इतकं गोड कुणी बोललं नाही. मी तिथेच लूना सोडून डॉक्टरांना सांगायला आत पळाले. मागनं अण्णा ओरडले, “अवो, स्टँडवर तर लावा!”

गोष्ट इथे संपली असं मी चांगली दोन वर्षं धरून चालले होते. माझ्या गोधड्यांच्या खोलीचं कौतुक मी डॉक्टरांना, नवऱ्याला, येईल त्याला सांगत होते, अर्थात नाव न घेता. मग एक दिवस इंदुताई एकट्याच आल्या. गर्दी ओसरलेली. हातात भलंमोठं गाठोडं. सोडलं तर नवी कोरी गोधडी, चांगली जाडजूड, बारीक टाक्यांची.

“अहो, आता भिंतीला जागा कुठाय?” मी म्हटलं.

“भितीला न्हाई बाई. दाराला लावा. तुमच्या ह्या फळकुटाच्या दाराला.” मग इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, “त्या दिशी भाईर समदं ऐकू येत हुतं.”

मी खुर्चीत बसले. “सगळं?”

“समदं. ह्यांचं न्हाई, तुमचं. लई मोटा आवाज तुमचा. ‘पावरची गोळी घेतली का’ म्हनलासा, आन् विहीनबाई दारालाच टेकलेल्या. त्यांनी कान दिला तसं माज्या काळजात चर्र झालं. म्हनलं, आता ह्ये पुन्यापतुर जानार. मंग काय करू? त्वांडात आलं त्ये बोलले. साडीचं.”

चारी भिंती आणि छत झाकणारी मी शहाणी, दारच मोकळं सोडून बसले होते. आणि ती माझी बोलणी खात, विहिणीशी वैर घेत, नवऱ्याची अब्रू झाकत उभी होती.

“आणि विहीणबाई?”

“दोन दिवाळ्या बोलल्या न्हाईत. लेकीचं नख बी दिसू दिलं न्हाई म्हायेराला. नातवाच्या बारशाला ग्येले, पाया पडले, तवा कुठं मिटलं.”

“राग नाही आला तुम्हाला अण्णांचा? न सांगता गोळ्या खाल्ल्या...”

“आला की! लई आला. म्हनलं, आदी कान यिऊ दे, मंग बगते ह्यांच्याकडं.” त्या पदराआड हसल्या. “कान आला, आन् राग कुठं ग्येला कळलंच न्हाई. ह्यास्नी सांगू नगा बरं का. त्यास्नी वाटतंय, तुमच्या गोधड्यांनीच राखलं.”

मी उठून त्यांना मिठी मारली, दोघी रडलो, दोघी हसलो. मग मी गोधडीवर हात फिरवला. वरचं कापड नवंच होतं, एकदाही न नेसलेलं, काठ जरा भडक.

“ही कुठली साडी?”

“तीच की. पोटझाकनीची. खरंच चाळन हाय बगा, पर धा पदर घातल्यावर आवाज काय जाईना.”

ती गोधडी त्याच दिवशी दाराला ठोकली. पुढच्या तपासणीला अण्णा आले, आत जाता जाता दारापाशी थांबले, काठ चिमटीत धरून निरखला आणि म्हणाले, “बाई, ही साडी कुठंतरी बगितल्यावानी वाटतीया.”

“बसा आत,” मी म्हटलं, “आवाज आला की बोट वर.” आणि दार घट्ट लावून घेतलं.